भंडारदऱ्याला मोटरहोम न्यावं की आपली गाडी?

हे रिटायर झाले त्या डिसेंबरात आम्ही दोघं आपल्या गाडीने भंडारदऱ्याला गेलो आणि तलावाकाठी तंबूत राहिलो. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तिथेच, पण भाड्याच्या मोटरहोमने, म्हणजे आतच पलंग, नळ आणि संडास असलेल्या मोठ्या गाडीने, सोबत तिचा ड्रायव्हर. तेव्हापासून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, कशाने जावं? माझं उत्तर साठीच्या पुढच्यांसाठी आहे. तिशीतल्यांनी खुशाल तंबू ठोकावा.

रात्रीपासूनच सांगते, कारण खरा फरक तिथे आहे. तंबूत झोपायला त्रास नाही, उठायला आहे. दोन वाजता जाग आली की आधी कुशीवर वळायचं, हातांवर भार देऊन एक गुडघा टेकायचा, मग अंधारात चेन चाचपायची. बाहेर गवत दवाने भिजलेलं, चपला गारठलेल्या आणि संडास टॉर्चच्या उजेडात शंभरेक पावलांवर. ह्यांना रात्रीतून दोनदा जावं लागतं. दुसऱ्या खेपेला सोबतीला मलाही उठवायचे. मोटरहोममध्ये पलंग उंच, पाय खाली सोडले की माणूस उभा, आणि संडासाचं दार चार पावलांवर. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे पुन्हा देईन.

पण त्या संडासाची टाकी भरते, हे घरी बसून सुचत नाही. ती ड्रायव्हरने रिकामी करायची असं ठरलं होतं. कुठे, ते कुणीच सांगितलं नव्हतं. तलावात ओतण्याचा प्रश्नच नाही, प्रवरेचं तेच पाणी खाली गावोगाव जातं. शेवटी कॅम्पवाल्याने त्याच्या सेप्टिक टँकचं झाकण उघडून दिलं आणि वर चहाही पाजला. बुकिंग करताना गादी किती जाड आहे ते नंतर विचारा, आधी हे विचारा. पाण्याचंही तसंच. मी घरच्यासारखा नळ सोडून भांडी घासली आणि दुसऱ्या संध्याकाळी टाकी कोरडी. नंतर पिठल्याची कढई राखेने घासली.

जाताना मोटरहोम आमच्या पोडियमच्या कमानीखालून आत येईना. पिशव्या, कुकर, औषधांचा डबा, सगळं घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर उभं राहून चढवलं. वॉचमनला वाटलं, घर बदलतोय. पुढे मात्र सुख. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून भिवंडीजवळ वर चढायचं, जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्री पार करायचा आणि इगतपुरीला उतरून घोटीवरून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव, गाठायचं. कसारा घाट टळतो. मोठ्या गाडीला घाट टळणं फार मोलाचं, कारण आतली भांडी वळणावळणावर खडखडतात. आपल्या गाडीने जाणार असाल तर जुना रस्ताही वाईट नाही, निदान वाटेत वडापाव मिळतो.

जंगलात फिरायचं तर मात्र आपली गाडी. विल्सन धरणाच्या मागे पसरलेल्या आर्थर लेकला वळसा घालून रतनवाडीला जावं. रस्ता अरुंद, वर फांद्या लोंबतात आणि मोटरहोमच्या टपावर एसी आणि सोलार पॅनल. आमच्या ड्रायव्हरने शेंडीतच हात जोडले. मग तिथून जीप ठरवावी लागली, तो खर्च वेगळा. पाणी असेल तेव्हा शेंडीहून रतनवाडीला बोटीनेही जाता येतं, पण परतीची वेळ बोटवाल्याच्या हाती.

आदल्या डिसेंबरात गाडी थेट अमृतेश्वराच्या देवळापाशी लावली होती. पुष्करिणीच्या पायऱ्यांवर डबा खाल्ला आणि रतनगडाच्या वाटेला लागलो. प्रवरेचा ओढा दगडांवरून ओलांडला की वर झाडी दाटते, भर दुपारी खाली कवडसेच पडतात. गडाच्या शिड्या त्याच्याही वर आहेत, त्या आम्ही लांबूनही बघितल्या नाहीत. दीड तास वर, तास खाली, मधे तीनदा बसलो. पडलेल्या खोडावर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, त्यांच्यापुढे हे दहा मिनिटं उकिडवे बसून राहिले. उठवायला मला हात द्यावा लागला. मोटरहोमच्या खेपेला जीपवाला खाली थांबलेला, त्यामुळे असं रेंगाळता आलं नाही.

पैशाचं म्हणाल तर मोटरहोमचं भाडं दिवसावर, वर किलोमीटरची मर्यादा आणि ड्रायव्हरचा भत्ता. ड्रायव्हर झोपणार कुठे, हेही आधी ठरवा. आम्ही त्याला कॅम्पवर तंबू घेऊन दिला, म्हणजे तंबूचे पैसे शेवटी दिलेच! एका रात्रीसाठी हा खटाटोप परवडत नाही. तीन रात्री तलावाकाठी नुसतं बसायचं असेल तर परवडतो.

पावसाळ्यात मोटरहोम नकोच, काठच्या चिखलात चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधा. मे अखेरपासून काजव्यांसाठी झुंबड उडते, तेव्हाही नको.

दाट सदाहरित रान आणि शेकरूच बघायचं तर भंडारदरा नव्हे, भीमाशंकर. तिथे आपली गाडी आणि खाली घोडेगावच्या बाजूला खोली, असं माझं मत आहे. हे अजून मोटरहोमवालाच पकडून बसलेत. काल फोनवर त्याला टाकीचंच विचारत होते.