धुराड्याची गळती आणि ब्युटाइल टेप: आठ महिन्यांनंतर

परवाच्या पावसात माळ्यावर पुन्हा बादली ठेवावी लागली, म्हणून लिहायला बसलो. टेप तीच ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, वर अॅल्युमिनियमचा मुलामा असलेली, स्वतः चिकटणारी. धुराडं आणि छप्पर जिथे मिळतात तिथल्या पत्र्यावर, म्हणजे फ्लॅशिंगवर, आठ महिन्यांपूर्वी मी ती हाताने लावली.

आधी मागच्या कागदाबद्दल. हा कागद सलग निघेल तर शपथ! दर वीतभर अंतरावर फाटतो. शिडीवर एका हाताने तोल सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने कोपरा कुरतडत बसायचं. टेप बनवणाऱ्यांपैकी कुणी कधी छपरावर चढलं असेल असं वाटत नाही. थंडीत तर ती नीट चिकटतही नाही. हेअर ड्रायरने ऊब द्यावी लागली.

पहिले पाच महिने एक थेंब नाही. मी फुशारलो. सहाव्या महिन्यात छताला पिवळा डाग, तोही धुराड्यापासून चार हात लांब. म्हटलं, टेप गेली. पाचपैकी दोन गुण देऊन मोकळा होणार होतो.

पण चिडून लिहिण्याआधी पाण्याच्या नळीने तपासलं. एकजण माळ्यावर बॅटरी घेऊन, मी वर. खालून सुरुवात करायची, एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं, मगच वर सरकायचं. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. टेप लावलेला भाग कोरडा निघाला. पाणी शिरत होतं टेपच्या वर, जिथे पत्र्याची वरची कड विटेला नुसत्या सीलंटने चिकटवलेली होती. तिथून ते वाशावरून घरंगळत लांब जाऊन टपकत होतं. म्हणजे टेपवर उगाच आळ घेतला. गुण साडेतीन. अर्धा कागदाचा कापला.

सीलंट तिथे टिकणारच नव्हतं. पत्रा अॅल्युमिनियमचा, आणि एक मीटर अॅल्युमिनियम 40 अंशांच्या फरकात जवळजवळ 0.9 मिलिमीटर वाढतं, वीट त्याच्या पावपट. रोजची ही ओढाताण, वर ऊन. वरचा पत्रा विटांच्या सांध्यात इंचभर खाचा पाडून आत वळवायला हवा होता.

आता खर्च. एकाने सगळं छप्परच बदलायला सांगितलं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याने पायरीचे तुकडे (धुराड्याच्या बाजूंना उताराबरोबर पायऱ्यांसारखे बसवायचे छोटे पत्रे), वरचा पत्रा आणि धुराड्यामागे पाणी दोन्हीकडे वळवणारा उंचवटा असा अंदाज दिला. उंचवटा मी खोडला. धुराडं 30 इंचांपेक्षा रुंद असेल तर तो हवाच, माझं 22 इंच आहे. अॅल्युमिनियमही खोडलं, कारण ओल्या सिमेंटच्या अल्कलीने ते खराब होतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतोय. तरी आकडा टेपच्या वीसपट. पण टेपच्या तीन गुंडाळ्या, सीलंटच्या सहा नळ्या आणि छताचा रंग मिळवला तर मी आधीच त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचलो होतो. हा हिशोब घरात अजून सांगितलेला नाही.

गवंडी पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. तोवर वरच्या कडेवर उरलेली टेपच लावली आहे. कागद याही वेळी मध्येच फाटला.