टर्मिनलचा सातबारा: कर्सेसच्या चौकशी-फंक्शन्ससोबत आठ महिने

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात असताना मुनीमजींचा फोन आला. "दादा, स्क्रीनवर अठ्ठेचाळीस पन्नास दिसायलंय, अन् पट्टीवर एकोणपन्नास छापून यायलंय. आता काय करावं?" मी म्हणालो, पुन्हा टाकून बघा. ते म्हणाले, "बघितलं. आता बरोबर आलं. पण मघाची पट्टी घेऊन माणूस गेला की!"

अर्ध्या क्विंटलचा फरक. त्या दिवशी त्या लॉटला भाव लागला होता ४,२००. म्हणजे २,१०० रुपये कीबोर्डच्या एका कळेपायी गेले. हा रिव्ह्यू त्या २,१०० रुपयांमुळे लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे सूर कडवट लागला तर कारण माहीत असू द्या.

परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी मी जूनमध्ये सी आणि एनकर्सेसमध्ये आवक आणि हिशोबपट्टीचा प्रोग्राम लिहून दिला. खिडक्या-माऊसवालं का केलं नाही, असं विचारू नका. दुकानात दोन जुनाट पीसी होते, शेटजींना नवा घ्यायचा नव्हता आणि माझ्याकडे एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा लिनक्स संगणक) धूळ खात पडला होता. पायवर प्रोग्राम, विंडोजवरून पुट्टीने (दुसऱ्या मशीनचा टर्मिनल दाखवणारा प्रोग्राम) लॉगिन, खर्च जवळपास शून्य. कर्सेस म्हणजे टर्मिनलवर, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, मजकूर मांडायची सी लायब्ररी, आणि एनकर्सेस तिचंच आजचं रूप; विंडो, पॅनेल, रंग यांबद्दल लिहीत नाही. मी लिहितोय ते त्या बाजूला पडलेल्या फंक्शन्सच्या टोळक्याबद्दल, जी टर्मिनलची चौकशी करतात: बॉडरेट, इरेजचार, किलचार, हॅज_आयसी, हॅज_आयएल, लाँगनेम, टर्मनेम, टर्मॲटर्स. कर्सेस सुरू करणारं इनिटस्क्रीन झाल्यावरच यांना विचारायचं, एवढं पथ्य.

जूनमध्ये मी यांची चेष्टाच केली होती. प्रोग्रामच्या 'माहिती' पानावर सगळ्यांची उत्तरं छापली आणि हसत बसलो. बॉडरेट म्हणे ३८४००. दुकानातलं नेट मुनीमजींच्या फोनच्या हॉटस्पॉटवर, फोन गल्ल्यावर, गल्ला लोखंडी, आणि वेग ३८४००! पुट्टी लॉगिन करताना सांगते तोच आकडा हा, प्रत्यक्ष वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लाँगनेमने सांगितलं, 'एक्स ११ टर्मिनल इम्युलेटर'. समोर विंडोज ७. टर्मॲटर्सला विचारलं, लुकलुकतं अक्षर जमेल का? हो म्हणाला. त्याच्या भरवशावर मी उधारीची नावं लुकलुकती केली, तर पुट्टीत ती नुसती भडक पार्श्वभूमीवर गप्प बसलेली. लुकलुकणं पुट्टीत मुळातच बंद असतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. टर्मनेमबद्दल मॅन्युअलात लिहिलंय की नाव १४ अक्षरांवर कापलं जाईल. 'एक्सटर्म-२५६कलर' इंग्रजीत मोजून पाहिलं, बरोब्बर १४. वाचला बिचारा.

तर मुद्दा हा की ही फंक्शन्स टर्मिनलला काहीच विचारत नाहीत. नाव 'चौकशी', पण चौकशी होते दप्तरात. बहुतेकांचं काम एवढंच: टर्म या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टर्मिनलचं जे नाव असेल, त्या नावाचा टर्मइन्फो या टर्मिनलांच्या नोंदवहीतला उतारा काढायचा आणि वाचून दाखवायचा. सातबाऱ्यावर कापूस लागलेला आणि रानात सोयाबीन उभं, असा प्रकार. उतारा खोटा नसतो, फक्त रानात कोणी गेलेलं नसतं.

आता त्या २,१०० कडे येतो. माझ्या आकडे घेणाऱ्या लूपमध्ये बॅकस्पेससाठी एकच ओळ होती: की_बॅकस्पेस (कर्सेसने ओळखलेली खोडायची कळ) आलं तर खोड. घरी लॅपटॉपवर डेबियन लिनक्स, कधी चुकलं नाही. कारण डेबियनच्या टर्मइन्फोत एक्सटर्मची खोडायची कळ १२७ या कोडने नोंदलेली आणि माझा टर्मिनल १२७ च पाठवतो. दुकानातल्या पुट्टीत मात्र कोणीतरी बॅकस्पेस 'कंट्रोल-एच' करून ठेवलेला, म्हणजे ८. उताऱ्यावर १२७, हातात ८. कर्सेसने तो ८ ओळखला नाही आणि जसाच्या तसा माझ्या हवाली केला. मी तो साध्या अक्षरासारखा बफरमध्ये (टाइप केलेलं साठवायच्या जागेत) टाकला आणि ॲडसीएच या कर्सेसच्या फंक्शनने स्क्रीनवर छापला. ॲडसीएचला ८ दिला की तो काय करतो? कर्सर एक घर मागे नेतो! म्हणजे मुनीमजींनी ४९ टाकले, बॅकस्पेस दाबला, कर्सर मागे आला, त्यांनी ८.५० टाकले, ९ वर ८ बसला, स्क्रीनवर स्वच्छ ४८.५० दिसलं. बफरमध्ये मात्र ४, ९, तो अदृश्य ८ नंबरचा बाइट आणि मग ८.५०. अक्षरांचा आकडा करणाऱ्या एटॉफने ४९ वाचलं, पुढे भलतंच काहीतरी दिसलं म्हणून थांबला. पट्टीवर ४९.

चुकीचं दिसलं असतं तर मुनीमजींनी तिथंच पकडलं असतं. त्यांची नजर अशी आहे की रोजमेळात आठ आणे फरक असला तरी जेवण जात नाही. पण बरोबर दिसून चुकीचं साठवलं गेलं, तिथं नजर काय करणार? आकड्याच्या रकान्यात आकड्याशिवाय काही घेऊ नये ही तपासणी मी टाकली नव्हती. तोच लूप गाडी नंबरलाही वापरला होता, आळसापोटी. ही चूक माझी, मान्य.

पण ज्याने ते पीसी बसवून दिले होते त्याच्याशी माझं भांडण झालंच. आधीच्या कुठल्याशा बिलिंगला कंट्रोल-एच लागायचा म्हणून त्याने तसं ठेवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणे, "तुमचा प्रोग्राम कच्चा आहे." मी म्हणे, "तुझी सेटिंग कच्ची आहे." तासभर असं चाललं आणि वर त्याने शेटजींकडून व्हिजिटचे ५०० लावले. सेटिंगला हातसुद्धा न लावता.

त्या रात्री मॅन्युअल उघडून बसलो आणि इरेजचार नावाच्या, मी जूनमध्ये हसलो होतो त्या फंक्शनने मला गार केलं. हा पठ्ठ्या टर्मइन्फोत बघतच नाही. कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) टीटीवाय, म्हणजे टर्मिनलच्या, सेटिंगमध्ये, एसटीटीवाय कमांड दाखवते तिथं, खोडायचं अक्षर कोणतं ठरलंय ते आणून देतो. आणि पुट्टी एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करायची पद्धत) लॉगिन करताना आपला बॅकस्पेस काय आहे हे पलीकडे स्वतःहून कळवते. दुकानातून विचारलं, उत्तर ८. घरून विचारलं, १२७. दोन्ही बरोबर! तलाठ्याच्या जुन्या उताऱ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी भरावी, तसं. मी लगेच लूपमध्ये इरेजचारची तुलना घातली, आकड्याची तपासणी घातली, आणि हाताला आहे म्हणून किलचारही घातला. कंट्रोल-यू दाबलं की आख्खा रकाना साफ. हे मुनीमजींना इतकं आवडलं की एक अक्षर चुकलं तरी आता ते आख्खा रकाना पुसून नव्याने लिहितात.

एक खाच सांगून ठेवतो, कुठल्या ट्युटोरियलात मला दिसली नाही. इरेजचार परत देतो तो 'चार' (आकडा नव्हे, सी भाषेतला एका अक्षराचा प्रकार), आणि खोडायचं अक्षर ठरलेलंच नसेल तर ईआरआर, म्हणजे उणे १. मी लिहिलं, उत्तर ईआरआर असेल तर १२७ धर. लॅपटॉपवर कंपायलर गप्प. पायवर जादा इशारे चालू करून कंपाइल केलं तर म्हणाला, ही तुलना कधीच खरी ठरणार नाही. पायच्या एआरएम प्रोसेसरवर साधा 'चार' बिनचिन्हाचा (उणे आकडे न धरणारा) असतो, उणे १ तिथं २५५ होऊन बसतो. आता मी उत्तर थेट ईआरआरशी न ताडता आधी ईआरआरलाच 'चार' प्रकारात कास्ट करतो. मला हे चावलं नाही, पण चावलं असतं तर शोधायला आणखी एक हंगाम गेला असता.

इथवरचं दिवाळीत लिहून ठेवलं होतं आणि इरेजचारला डोक्यावर घेऊन नाचत होतो. एका मित्राने तेव्हाच सांगितलं होतं, "८ आणि १२७ दोन्ही सरळ लिहून टाक अन् मोकळा हो." मला ते अडाणीपणाचं वाटलं. खालचं आता, तुरीच्या दिवसात लिहितोय. मत बदललंय.

झालं असं की काट्याच्या पत्र्याच्या खोलीत वायफाय पोचेना. शेटजी राउटर घेऊन देईनात. मी दुसरा पीसी चाळीस फूट सिरियल केबलने पायला जोडला, ९६०० वर, पुट्टी सिरियलमध्ये. फंक्शन कळा नीट चालाव्यात म्हणून प्रोफाइलमध्ये टर्म एक्सटर्म करून टाकली. पहिल्याच सकाळी मापाडी ओरडला, "दादा, खोडंनाच की हे!" आकड्याची तपासणी असल्याने चुकीचं काही साठलं नाही, नुसतं टूंक टूंक वाजत राहिलं. बघतो तर इरेजचार सांगतोय १२७, आणि कळ पाठवतेय ८. सिरियल तारेवर नुसते बाइट जातात. माझा बॅकस्पेस अमुक आहे असं सांगायला तिथं एसएसएच नाही. मग कर्नेल आपला ठरलेला १२७ च दाखवणार. म्हणजे ई-पीक पाहणीसुद्धा कोणीतरी भरली तरच खरी, नाहीतर तोही कोरा उतारा.

मित्र बरोबर होता. आता लूपमध्ये की_बॅकस्पेस, इरेजचारचं उत्तर, ८ आणि १२७, चारही चालतात. त्याला चहा पाजला, कारण सांगितलं नाही.

पण त्याच केबलवर एक आश्चर्य भेटलं, त्यासाठी हा भाग लांबवतोय. बॉडरेट पहिल्यांदाच खरं बोललं: ९६००. आणि ९६०० म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसलं. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० गुणिले २४ चा पडदा १,९२० अक्षरांचा. पूर्ण रंगवायला दोन सेकंद! नवी नोंद यादीत सगळ्यात वर घातली की खालच्या सगळ्या ओळी एकेक करून पुन्हा उमटायच्या, मापाडी तोवर पुढच्या कट्ट्याला हात घालायचा. तेव्हा हॅज_आयएल आठवलं, मधेच ओळ घुसवता येते का हे सांगणारं. एसएसएचवर त्याचं उत्तर 'हो' असो की 'नाही', फरक पडत नव्हता. इथं पडतो. कर्सेस ही सोय आपणहून वापरत नाही, आयडीएलओके चालू करावं लागतं. एक ओळ वाढवली आणि नोंद खट्‌कन आत सरकायला लागली. पूर्ण यादीऐवजी एक ओळ, ८० अक्षरं, सेकंदाचा बारावा भाग. मापाडी म्हणाला, "नवीन कॉम्पुटर बसवला काय?"

टर्मिनलला ते जमत नसेल तर कर्सेस मुकाट्याने सगळं पुन्हा काढतं. बनी तो बनी, नहीं तो परभणी! हे त्याच्या मुळातच आहे. बिल जॉयने टर्मकॅप (टर्मइन्फोच्या आधीची नोंदवही) लिहिलं ते १९७८ च्या सुमाराला, डेक कंपनीचं व्हीटी-१०० टर्मिनल आलं तेही त्याच साली, आणि केन अर्नोल्डचं कर्सेस त्यानंतर थोड्याच काळात. प्रत्येक टर्मिनलची तऱ्हा वेगळी आणि तार सगळीकडे हळू, त्या दिवसांसाठी केलेली ही फंक्शन्स. मी त्यांना हसत होतो कारण माझ्याकडे तशी तार नव्हती. मोंढ्यातल्या चाळीस फुटांनी ती आणून दिली.

टर्मॲटर्सवर मात्र राग कायम आहे. उधारीवाले अजून लुकलुकत नाहीत, आणि पुट्टीची सेटिंग बदलायला परत ५०० कोण देणार? मी उलट्या रंगावर भागवलंय. लाँगनेम काढून टाकलं, 'माहिती' पानावर आता टर्म आणि इरेजचारचा आकडा एवढंच छापतो. फोनवर मुनीमजी वाचून दाखवतात: "एक्सटर्म, आठ." मला पुरतं.

शेटजींच्या खतावणीत २,१०० अजून माझ्या नावे आहेत. विषय काढला की म्हणतात, तूर संपू द्या, मग बघू.