दोन्ही गुडघे एकदम बदलावेत की एकेक करून?

दोन्ही गुडघे सारखेच झिजलेले असले, तर शस्त्रक्रिया करायची हे ठरल्यावरही एक प्रश्न उरतोच: दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलून घ्यावेत, की आधी एक आणि तीन-चार महिन्यांनी दुसरा? पुण्यातल्या घरांत या प्रश्नाचा निकाल बहुधा बिलाच्या आकड्यावर आणि ‘एकदाच काय ते सोसून घेऊ’ या विचारावर लागतो. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण पुढचे दोन-तीन महिने कसे जाणार हे ज्यांच्यावर ठरते त्या गोष्टी निराळ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा रुग्णालयातून घरी आल्यावरच लक्षात येतात.

सर्वांत आधी हृदय आणि फुप्फुसे. दोन्ही गुडघे एकदम बदलताना शस्त्रक्रिया लांबते, रक्तस्राव जास्त होतो, रक्त चढवावे लागण्याची शक्यता वाढते आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे किंवा हृदयावर ताण येणे हे धोकेही एका गुडघ्याच्या तुलनेत अधिक असतात; वयस्कर रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रम होऊ शकतो, तोही या प्रकारात जास्त आढळतो. म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना, हृदयविकार किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांना सहसा एकेक गुडघाच सुचवला जातो. फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ कचरत असतील तर पुढची तुलना करण्यात अर्थ नाही आणि ‘दोन्ही एकदम करून देणारा’ दुसरा सर्जन शोधण्यात तर मुळीच नाही. प्रकृती ठणठणीत असेल तर मात्र एकदम करण्याचे फायदे खरे आहेत: भूल एकदा, मुक्काम एकदा, व्यायामाचे कंटाळवाणे आठवडेही एकदाच. काही ठिकाणी एकाच मुक्कामात काही दिवसांच्या अंतराने दुसरा गुडघा करण्याचा मधला मार्गही सुचवतात.

यानंतरचा मुद्दा पायाच्या आकाराचा असून तो रुग्णांना बहुधा माहीत नसतो. झिजलेल्या गुडघ्यांमुळे पाय कमानीसारखे वाकलेले असतील आणि गुडघे पूर्ण सरळ होत नसतील, तर एक पाय शस्त्रक्रियेने सरळ झाल्यावर तो दुसऱ्यापेक्षा लांब वाटू लागतो, चाल लंगडते आणि कंबर कुरकुरते. शिवाय उंची सांभाळून घेण्यासाठी माणूस नवा गुडघाही नकळत किंचित वाकवूनच उभा राहतो, त्यामुळे मेहनतीने सरळ केलेला सांधा पुन्हा वाकडा राहण्याची भीती असते. अशा पायांना दोन्ही गुडघे एकदम बदलणे जास्त मानवते. दुसरा गुडघा फक्त कुरकुरत असेल, सरळ होत असेल, तर त्याला हात लावायची घाई करू नये.

शस्त्रक्रियेच्या तयारीत दोन्ही मार्गांत फारसा फरक नाही, पण यादी अनपेक्षित आहे. दातांची तपासणी कशाला, असे अनेकांना वाटते. किडलेल्या दातातला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो, हे त्याचे कारण. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर साधारण तीन महिने थांबायला सांगतात. तंबाखू बंद करायला सांगितल्यावर ‘मी खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या कितीतरी आजी सकाळ-संध्याकाळ मिशरी लावत असतात. मिशरी ही तंबाखूच आहे, निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून ही सवय घरच्यांनीच डॉक्टरांच्या कानावर घालावी. साखर आणि हिमोग्लोबिन दोन्ही मार्गांत आटोक्यात हवेतच. पण दोन्ही गुडघे एकदम करायचे असतील तर कमी हिमोग्लोबिनकडे ‘बायकांचे असतेच’ म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते.

खरा फरक दिसतो तो घरात. एक गुडघा बदलला की फिजिओथेरपिस्ट जिन्याचा साधा नियम शिकवतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. दोन्ही बदलले की चांगला पाय उरतच नाही! त्यातल्या त्यात कमी दुखणारा पाय निवडायचा आणि उरलेला भार कठड्यावर आणि दंडांवर टाकायचा. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत, कोथरूडच्या लिफ्ट नसलेल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने या एका नियमाचा विचार बिलापेक्षा जास्त करावा. खुर्चीतून उठण्याचेही तेच: एक पाय धड असेल तर त्याच्यावर जोर देऊन उठता येते, दोन्ही नवे असले की सगळे वजन हातांवर येते. त्यामुळे खांद्याचे दुखणे असलेल्या व्यक्तीने एकदमचा मार्ग स्वीकारण्याआधी वॉकर धरून उठून पाहावे, आणि दोन्ही मार्गांतल्या रुग्णांनी दिवाण, खुर्ची व कमोड यांची उंची वाढवून घ्यावी. वॉकर सुमारे दोन फूट रुंद असतो, जुन्या न्हाणीघराचे दार पुष्कळदा तेवढेच किंवा त्याहून अरुंद असते आणि त्यातच उंबरा असतो. दार आधी टेपने मोजलेले बरे. वॉकर, कमोडची खुर्ची, वरखाली होणारा पलंग हे सगळे विकत घ्यावे लागत नाही. शहरातल्या अनेक सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने देतात.

माणसांचे गणितही वेगळे असते. एकदम करणाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे रात्रीसुद्धा कुणीतरी हाताशी लागते आणि एकट्या सत्तरीच्या जोडीदाराला ते झेपत नाही, म्हणजे रुग्णसेवेच्या ब्युरोतून मावशी आल्याच. एकेक करणाऱ्याला दर वेळी मदत कमी लागते, पण ती दोनदा उभी करावी लागते. परदेशी असलेल्या मुलांना रजा एकदाच मिळणार असेल, तर अनेक घरांत निर्णय तिथेच होऊन जातो, आणि प्रकृती साथ देत असेल तर ते गैरही नाही.

बरे होण्याच्या काळातल्या काही गोष्टी कुणी आधी सांगितल्या नाहीत तर माणूस घाबरतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होते आणि कधीकधी तशीच राहते. गुडघा काही महिने गरम लागतो, टकटक वाजतो. काळेनिळे डाग घोट्यापर्यंत उतरतात. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, जेवणावरची वासना जाते. सर्वांत छळते ती झोप, आणि झोप नाही म्हणून येणारी उदासी. गुडघ्याखाली उशी घेऊन आराम मिळतो, पण ती घ्यायची नसते, कारण सांधा वाकलेलाच आखडतो. एकच गुडघा केलेल्याला निदान दुसऱ्या कुशीचा आधार असतो. व्यायामात मात्र एकदम करणाऱ्यांचा एक दोष हमखास दिसतो: जो गुडघा लवकर वाकू लागतो त्याचेच कौतुक होते आणि मागे पडलेल्याला सवलत मिळते, वास्तविक पहिल्या सहा आठवड्यांत मेहनत त्याच्यावरच जास्त हवी.

पैशाचे थोडक्यात. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, कमाल किमती ठरवून दिल्या; कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या संचाची किंमत तेव्हा जीएसटी वगळून 54,720 रुपये होती. इम्प्लांट दोन लागणारच, त्यामुळे एकदम करण्यात बचत होते ती मुक्काम, भूल आणि शस्त्रक्रियागृहाच्या खर्चात. विमा असेल तर हिशेब उलटूही शकतो. विम्याची रक्कम बेताची असेल तर दोन गुडघे दोन वेगळ्या पॉलिसी-वर्षांत केल्याने प्रत्येक वर्षाची रक्कम स्वतंत्र वापरता येते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर बाकीच्या खर्चातही त्या प्रमाणात कपात होऊ शकते, हेही तपासावे. सांधेबदलासाठी पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढे दिवस त्या खर्चाचा दावा करता येत नाही. 2024 पासून तो जास्तीत जास्त 36 महिनेच ठेवता येतो.

तारीख ठरवताना गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि टाके काढण्याचा दिवस एकमेकांवर येऊ देऊ नयेत. त्या काळात पेठांमध्ये गाडी दारापर्यंत आणणे दुरापास्त असते. स्कूटर चालवणाऱ्यांनी तर दोन्ही मार्गांत धीर धरावा, कारण सिग्नलला पाय टेकून गाडी तोलणे हे चालण्यापेक्षा अवघड काम आहे.

सत्तरीच्या आतले वय, निरोगी हृदय, सारखेच वाकलेले दोन्ही पाय, लिफ्ट आणि घरात दोन धडधाकट माणसे एवढे जुळत असेल तर मी एकदमच्या बाजूने कौल देईन. यांतले काहीही डळमळीत असेल तर एकेक. फक्त एकेक निवडताना हे धरून चालावे की पहिल्या गुडघ्याचे दुखणे आठवून पुष्कळजण दुसऱ्याची तारीख लांबवत राहतात. काहींच्या बाबतीत ते योग्यही ठरते, कारण नवा गुडघा भार पेलू लागल्यावर जुना कमी बोलतो. म्हणून दुसऱ्याची तारीख आधीच पक्की न करता तीन महिन्यांनी सर्जनला चाल दाखवावी, जुना गुडघा पूर्ण सरळ होतो का ते तपासून घ्यावे, आणि होत नसेल तर मात्र टाळाटाळ करू नये.