कुवेत आणि युक्रेन: पैसा की नकाशा?

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे युद्धाची चर्चा इथं घरचीच. परवा खानापूरला मामांशी वाद झाला: शेजाऱ्यावर चढाई पैशासाठी की नकाशासाठी, म्हणजे मोक्याच्या जागेसाठी?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराक कुवेतमध्ये घुसला, त्यामागं मला पैसाच दिसतो. इराणशी आठ वर्षं लढून तिजोरी रिकामी, कुवेतचंच कर्ज डोक्यावर, वर कुवेत जादा तेल काढून भाव पाडतो ही तक्रार. सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्राचा तंटा होताच. (समुद्राकडं वाट हवी होती, हेही खरं.)

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, ते निराळं. तिथं नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटाची धास्ती, क्रिमियातल्या सेव्हास्तोपोलचा नाविक तळ, जुन्या साम्राज्याचा हक्क. नुसत्या गव्हा-कोळशासाठी रशियानं एवढे निर्बंध ओढवून घेतले नसते. मामांना हे पटत नाही. युक्रेनमधून येणारं सूर्यफुलाचं तेल तेव्हा किती कडाडलं, ते विसरलेले नाहीत.