पावसाचा अहवाल: यादी की क्रॉसटॅब?

मराठवाड्याचे ८ जिल्हे, जून ते सप्टेंबर ४ महिने. साध्या यादीत ३२ ओळी होतात. परभणीचा आणि लातूरचा जुलै ताडून बघायला बोट ठेवून खाली-वर करावं लागतं. क्रॉसटॅबमध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या तक्त्यात, जिल्हा ओळीत, महिना स्तंभात आणि मिलिमीटर मधल्या चौकटीत टाकले की सगळं ८ ओळींत समोर येतं. माझी पसंती क्रॉसटॅबलाच. शिवाय नोंद आली नसेल तर चौकट रिकामी दिसते. यादीत ती ओळच नसते, म्हणून लक्षातही येत नाही. त्या रिकाम्या जागी शून्य मात्र भरू नका, कोरडा महिना वेगळा आणि राहिलेली नोंद वेगळी. शेवटच्या ओळीत जिल्ह्यांच्या मिलिमीटरची बेरीज नको, सरासरी लावा. रोजचा पाऊस असेल तर यादीच बरी, १२२ स्तंभ कागदावर मावत नाहीत.