एमजीबी: बिल्ल्याआधी सिल तपासा

एमजीबी, म्हणजे एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेलेला माणूस आधी बोनेट उघडतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. खरं तर आधी गुडघे टेकून दाराखाली बघायला हवं. या गाडीचं इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, आणि तेही फार खर्चात न पडता. पत्रा सडला तर दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीला सहज गाठतं. हिला वेगळी चासी नाही, त्यामुळे दाराखालची सिल हाच तिचा कणा. बाहेरची सिल, आतला पत्रा आणि खालची कॅसल रेल एकमेकांना जोडून एक बंद पेटी तयार होते. त्या पेटीत पाणी साचलं की वरून रंग चकचकीत आणि आतून चाळण. रोडस्टरला, म्हणजे उघड्या एमजीबीला, पक्कं छप्परही नाही, म्हणजे सगळा ताण तिथेच.

तपासायची पद्धत सोपी आहे. दार लावून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का पाहा. मग त्या बाजूला जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचला आणि दार पुन्हा उघडून लावा. फट बदलली किंवा दार घासू लागलं तर गाडी कमरेत वाकतेय, पुढची बोलणी तिथेच थांबवा. पुढचं मडगार्ड सिलला जिथे मिळतं तिथली उभी शिवण डोळ्यांना दिसली पाहिजे. ती पुट्टीखाली गुळगुळीत झाली असेल तर जुन्या सडक्या सिलवर नवी सिल चढवल्याचा संशय घ्या. नीट काम करायचं तर दोन्ही मडगार्डांचा खालचा भाग कापून सिलची टोकं उघडी करावी लागतात, रोडस्टरच्या दाराच्या चौकटीत आडवा टेकू वेल्ड करावा लागतो आणि दार जागेवर लावून फट बघत बघत वेल्डिंग करावं लागतं. टेकू न लावता सिल कापली तर गाडी वाकते, आणि ते दार पुन्हा कधीच नीट बसत नाही.

पुढच्या तिकोनी काचेच्या मागच्या टोकाखाली दाराच्या पत्र्याला बारीक तडा असतो, तोही पाहा. हा एमजीबीचा खानदानी रोग आहे. नुसता रंग मारून झाकला तर काही महिन्यांत पुन्हा उमटतो.

ब्रिटनमध्ये गाडी घेणाऱ्यांसाठी एक धोका वेगळा सांगायला हवा. मे २०१८पासून ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या तिथल्या सक्तीच्या वार्षिक चाचणीतून सूट आहे. शेवटची एमजीबी १९८०मध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे आता सगळ्याच या सवलतीत बसतात. ‘एमओटी लागत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य खरं असतं, पण गाडी शाबूत असल्याचा तो पुरावा नाही. जुन्या चाचण्यांची नोंद ऑनलाइन बघता येते. तिच्यात सिलजवळच्या गंजाचा शेरा वारंवार असेल आणि पुढे चाचण्याच बंद झाल्या असतील, तर काय समजायचं ते समजा. हवी असल्यास चाचणी आजही करून मिळते. विक्रेता त्यालाही नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

आता इंजिन. १७९८ सीसीचं हे बी-सीरिज इंजिन आपल्याकडच्या जुन्या फिटरला परकं वाटणार नाही, कारण ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. १९६४च्या अखेरीपासून क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंगं आली. घ्यायची तर ती घ्या. इंजिन गरम झाल्यावर धावताना ऑइल प्रेशर ५० ते ८० पीएसआय हवं आणि आयडलला १५च्या खाली जायला नको. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. कुठला टॅपेट कधी लावायचा यासाठी नऊचा हिशेब लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावायचा, सहावा उघडा असताना तिसरा. बेरीज नेहमी नऊ.

एसयू बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरना लोक उगीच घाबरतात. इंजिन गरम करा आणि कार्ब्युरेटरखालची छोटी पिन बोटाने अलगद वर करा, म्हणजे पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलला जाईल. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. वेग पडला तर पातळ आहे. क्षणभर किंचित वाढून जागेवर आला तर हात लावू नका. एचएस४ या एसयू मॉडेलमध्ये जेटखालची नट खाली फिरवली की मिश्रण जाड होतं. फिरवायची ती एका वेळी एक पैलू, आणि दोन्ही कार्ब्युरेटरना सारखीच. डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या माथ्यावरच्या तेलाच्या नळीत, २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल चालतं. वरची टोपी तिच्या दांड्यासकट खाली ढकलताना आटे टेकायला सहा मिलिमीटर बाकी असताना हाताला अटकाव जाणवला की तेल पुरेसं आहे. हे तेल संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि लोक मात्र प्लग बदलत बसतात.

इथेनॉलवाल्या पेट्रोलने मिश्रण पातळ होतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, भेगाळतात. ब्रिटनमध्ये ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आपल्याकडे पंपावर ई२०, म्हणजे इथे त्रास जास्त. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आर९ दर्जाच्या घाला आणि नट एक-दोन पैलू खाली घ्या. नळ्यांवर वाचवलेले पैसे गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकवतात.

खरी डोकेदुखी क्लच. तो बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि रिलीज बेअरिंग ग्रॅफाइटचं आहे, गोळ्यांचं नाही. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते झिजतंच. न्यूट्रल करा, पाय काढा. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) लागत नसेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी त्याची तेलपातळी आणि गिअरबॉक्सवरचा स्विच, त्याची वायर बघा. बहुतेकदा तिथेच मिटतं.

किंगपिनला (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिला) दर बाजूला तीन ग्रीस निपल आहेत आणि दर ३००० मैलांना ग्रीस लागतं. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ आढळला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

सुट्या भागांबद्दल एक तक्रार आहे. या गाडीचं जवळजवळ सगळं नवं मिळतं, पण मिळतं म्हणजे चांगलं मिळतं असं नाही. डिस्ट्रिब्युटरमधले स्वस्तातले नवे रोटर रिव्हेटपाशी आतून शॉर्ट होतात आणि चालती गाडी मध्येच बंद पडते. रिव्हेट नसलेला लाल रोटर घ्या. तिथलाच जुना कंडेन्सर चालू असेल तर ‘नवा टाकू’ म्हणून काढू नका. मडगार्ड, दारं ही बाहेरच्या बनावटीची असतील तर रंगाआधी गाडीवर तात्पुरती बसवून बघा.

इथेच वारशाचा प्रश्न येतो. एमजी हे नाव रोव्हरकडून बीएमडब्ल्यूकडे गेलं, मग एमजी रोव्हर बुडाल्यावर २००५मध्ये नानजिंग या चिनी कंपनीकडे आणि पुढे साइक या दुसऱ्या चिनी कंपनीकडे. ब्रिटनमध्ये लाँगब्रिजला होणारी जुळणी २०१६ला थांबली. आपल्याकडे हे नाव २०१९ला आलं आणि गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. त्याच बिल्ल्याची सायबरस्टर आता भारतात विकली जाते: विजेवर चालणारी, दारं वर उघडणारी, ५१० पीएसची, वजन जवळपास दोन टन. सुरुवातीची एमजीबी रोडस्टर हजार किलोच्या आतली. सायबरस्टर वाईट गाडी नाही. पण तिचा एमजीबीशी संबंध विचाराल तर बिल्ला आणि दोन सीट, एवढाच.

एमजीबी जिवंत ठेवली ती ब्रिटिश मोटर हेरिटेजने. या कंपनीने मूळ कारखान्यातली डाय आणि जिगं शोधून काढली आणि १९८८मध्ये एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बाजारात आणली. १९९३ची एमजी आरव्ही८ ही गाडी त्या बॉडीवरच उभी राहिली. नाव विकत घेणारे बरेच भेटतात. ॲम्बॅसॅडरचं नाव २०१७मध्ये ८० कोटींना प्यूजोने घेतलं, त्यानंतर त्या नावाची एकही गाडी रस्त्यावर आली नाही. टाटांच्या मालकीच्या जॅग्वारने डी-टाइप या आपल्या जुन्या रेसिंग गाडीच्या २५ प्रती नव्याने बांधून विकायला काढल्या. छानच, पण त्या गर्भश्रीमंतांसाठी. गंजलेल्या सिलची गाडी घेऊन बसलेल्या माणसाला हवा असतो वेळेवर मिळणारा, मापात बसणारा पत्रा. ब्रँडचा वारसा आम्ही त्यावर मोजतो, आणि त्या हिशेबात एमजीबीला टक्कर देणाऱ्या जुन्या गाड्या फार थोड्या.

घ्यायची कोणती? १९७४च्या अखेरीस आलेल्या रबरी बंपरच्या गाडीला नाकं मुरडली जातात. अमेरिकी नियमांपायी ती उंच झाली आणि वळणावर झुकू लागली, हे खरंच. पण १९७६च्या मध्यानंतर पुढे-मागे झुकणं कमी करणारे अँटीरोल बार आले, आणि भाव क्रोम बंपरवालीपेक्षा कमी. चालवायला हवी असेल तर ही घ्या, शक्यतो पक्क्या छपराची जीटी, कारण छपरामुळे बॉडी ताठ राहते. कॅलिफोर्नियातून परत आणलेली गाडी कोरड्या हवेमुळे पत्र्याला चांगली असते, पण स्टिअरिंग डावीकडे आणि १९७५ किंवा त्यानंतरची असेल तर दोन एसयूऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. तो खर्च आधी धरा. आणि क्रोम बंपरसाठी जादा मोजायचेच असतील तर सीटमागची झाकणी उघडून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या डब्यांत हात घाला. बोटांना पत्र्याचे पापुद्रे लागले तर त्यांच्या शेजारी मागच्या स्प्रिंगची पुढची टोकं जिथे बसतात, तिथे टॉर्च मारल्याशिवाय पैसे काढू नका.