ऑटो डोसर सहा महिने वापरून: मशीन चांगलं, पण कंपनीकडून आलेल्या सेटिंगवर चालवू नका

डिचोलीला घरामागे आमचं छोटं हायड्रोपोनिक्सचं (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर पीक) शेड आहे, लेट्यूस आणि थोडी बेसिल, ३०० लिटरची टाकी. रोज दोनदा पीएच (पाण्याचा आंबटपणा) मोजायचं पेन घेऊन टाकीपाशी जायचं, त्यामुळे कुठे गावाला म्हणून जाता येत नव्हतं, म्हणून चवथीच्या आधी हा पाणी मोजून आपोआप डोस सोडणारा चार पंपांचा डोसर घेतला, ए आणि बी ही खताची दोन द्रावणं, पीएच वाढवणारं अप आणि कमी करणारं डाऊन.

पहिले काही दिवस मस्त गेले आणि मग लेट्यूसची खालची पानं पिवळी पडायला लागली. स्क्रीनवर बघितलं तर ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १.५, म्हणजे बरोबर. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणे पीएचचा प्रोब (पाण्यात बुडवून मोजणारी दांडी) बदला, बदलला, पीएच ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचचं द्रावण) कॅलिब्रेट पण केला, तरी तेच. शेवटी एका रविवारी खुर्ची घेऊन टाकीजवळच बसलो आणि तेव्हा दिसलं. डाऊनचा पंप चालला की पीएच सरळ ५ च्या खाली, मग अपचा चालतो की ६.५ च्या वर, परत डाऊन, दिवसभर हेच चालू. आता डाऊन म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड आणि अप म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दोन्हींचे क्षार टाकीत साठत जातात आणि ईसी वाढते, मशीनला वाटतं खत भरपूर आहे आणि ते ए-बी सोडतच नाही. ईसी १.५ दिसत होती आणि झाडं उपाशी होती, फार वाईट वाटलं ते बघून.

कारण आमचं पाणी. जांभ्या दगडातल्या विहिरीचं, एकदम मऊ, त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नाहीत, जरा ॲसिड पडलं की धाडकन खाली. क्षारवाल्या बोअरच्या पाण्याला आलेली सेटिंग कदाचित चालेल, आम्हाला नाही.

मग डोस ५ सेकंदांवरून १ वर आणला, दोन डोसमध्ये २० मिनिटं थांबायला लावलं, ॲसिड दहापट पातळ केलं (ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही), आणि अपचा पंप बंदच केला, कारण लेट्यूस नायट्रेट खाते तसा पीएच आपोआप वर येतो. टाकी रिकामी करून नवीन पाणी भरलं. दहा दिवसांत नवीन पानं हिरवीगार.

पंप आणि ट्यूब चांगल्या आहेत, अजून एक थेंब गळला नाही, लाईट जाऊन आली तरी सेटिंग राहते. पण मॅन्युअलमध्ये थांबायच्या वेळेबद्दल एक ओळ नाही, एक स्टार त्याचाच कापला. आणि पावसाळ्यात प्रोबच्या वायरीच्या जोडाला दमट हवा लागली की रीडिंग सरकतं, आम्ही जोड टाकीपासून वर घेऊन नीट झाकलाय. पेन मात्र फेकू नका, आठवड्यातून एकदा स्क्रीनचा आकडा त्याच्याशी जुळवून बघतो आम्ही.